डाव्या हाताचे गुरुजी

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५. परतूर.

आज घट बसले आणि मी नोकरीवर रुजू झालो. मुहूर्त बघितला नव्हता, आपोआप लागला. मंठ्याहून सकाळची गाडी धरली. परतूरच्या स्टँडवर मुकुंद मोटारसायकल चालू ठेवूनच उभा. तीस वर्षांची दोस्ती आमची, पण माणूस असा की माझी हत्यारांची पेटी त्यानं मला मांडीवर घेऊ दिली नाही, स्वतः पुढं टाकीवर धरली. वाटेत म्हणत होता, रामकिसन, तू आल्यानं माझ्या डोक्यावरचा बोजा गेला बघ, दोन महिन्यांपासून झोप न्हाई मला.

गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये ‘उजळणीची वेळ’चं शूटिंग होतं. एकोणतीस वर्षं चालू आहे हा बाहुल्यांचा कार्यक्रम. आधी केबलवर, आता मोबाईलवरही. आपल्या भागात चाळिशीच्या आतला असा माणूस दाखवा, ज्यानं उजळणी गुरुजींच्या मागं पाढे म्हटले नाहीत. दसरा, दिवाळी, बालदिन यांचे विशेष भाग असतात, त्या दिवशी पोरं जागची हलत नाहीत. आमची बाईसुद्धा. (नऊ वर्षांची मुलगी आहे माझी. घरात सगळे तिला बाईच म्हणतात.)

निर्मात्या विमलताई. साठीच्या असतील, आवाज मऊ. मुकुंदनं ओळख करून दिली तर त्यांनी नमस्काराच्या आधी माझा डावा हात मागितला. उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, ह्याच हाताची वाट बघत होतो आम्ही. गुरुजींचा हातमोजा डाव्या हाताच्या मापानं शिवलेला आहे. चौथीत ज्या हातावर मास्तरांनी छड्या ओढल्या आणि ज्यापायी मी शाळा सोडली, तोच हात आज मागून घेतला गेला. आणि इथं लिहून ठेवतो: शाळा सोडल्यापासून मी जे शिकलो ते कोणाच्या पायाशी बसून नाही. सुतारकी, रेडिओदुरुस्ती, बाहुल्यांचे सांधे, सगळं आपल्या अकलेनं.

ही वही मुकुंदनं दिली, पेन्सिलींचा डबाही. म्हणाला, नवी जागा आहे, रोज लिहीत जा. कामाचं, घरचं, सगळं बारीकसारीक. मन रमतं.

बुधवार, २४ सप्टेंबर

गुरुजींना जवळून पाहिलं. कागदाच्या लगद्याचं डोकं, काळी टोपी, तारेचा चष्मा. हनुवटीपासून टोपीपर्यंत साडेअकरा इंच. जबडा अंगठ्यानं हलतो, तो ठीक. मान मात्र सैल, आणि तिचा बोल्ट बाहेरून, तोही गंजका. मुलांना तो पडद्यावर दिसतो याची एकोणतीस वर्षांत कोणाला लाज वाटली नाही!

दिवसभरात सागाची नवी मान केली. सव्वादोन इंच, एक सूत. (एका इंचात आठ सूत. हल्लीच्या पोरांना सूत माहीत नाही.) रंध्याचं पातं केसाएवढंच बाहेर ठेवायचं, मग लाकूड आपण होऊन रेशीम होतं. बोल्ट आता आतून बसवलाय. हात मोज्यात कोपरापर्यंत घातल्याशिवाय तो कोणाच्या बापाला सापडायचा नाही.

इथली एक रीत आवडली. पाठ छापील मिळत नाही. ज्याचा हात गुरुजींत जाणार, त्यानं तो शूटिंगच्या सकाळी स्वतः पेन्सिलीनं लिहून काढायचा आणि हात न धुता तसाच मोज्यात घालायचा. विमलताई म्हणाल्या, ओल्या हातानं अस्तर कुजतं, आणि लिहिलेलं डोक्यात बसतं. पटलं. मी डावखुरा, माझा तळवा लिहिलेल्या ओळीवरून घासतच जातो. तो कायम करडा असतो.

मुकुंद म्हणाला म्हणून घरचंही लिहितो. मंठ्यात बाजारगल्लीला, पिठाच्या गिरणीमागं तिसरं दार, निळं. दाराशी अडुळसा. ह्या वेळी शीतल भाकरी थापत असेल. बायको माझी कमी बोलते, पण भाकरी थापताना तालात थापते, बाहेरून कळतं राग आहे की लोभ. बाई बोट ठेवून वाचत बसली असेल. वाचनात कच्ची आहे. माझ्यासारखी एकदा अंगावर आलं की शिकेल.

शनिवार, २७ सप्टेंबर

दसऱ्याचा विशेष भाग एका दमात झाला. एकोणीसचा पाढा आणि नवरात्राची गोष्ट. मुकुंद कॅमेऱ्यामागं, मी मेजाखाली बसून हात वर, पाठ माझ्याच आवाजात. विमलताईंनी टाळ्या वाजवल्या. मोज्यात हात घातला की आत ऊब लागते, कोणी हात हातात घेतल्यासारखी. कापूस जुना असला की ऊब धरतो.

तातेरावांना भेटलो. माझ्या आधी अठ्ठावीस वर्षं गुरुजी त्यांच्या हातावर होते. टेंभुर्णीचे. आता आवारातच एका खोलीत असतात. मुकुंद म्हणतो डोक्यात रक्त साकळलं. जेवणाचं ताट पुढं ठेवलं तर घास कुठं घालायचा हे दाखवावं लागतं. दुपारी मी पायरीवर ही वही घेऊन बसलो तर म्हातारा आला आणि फाडकन माझ्या हातातली पेन्सिल उडवली. न्हाई, न्हाई, न्हाई. एवढंच बोलतो. आजारी माणूस म्हणून पेन्सिल उचलून आणली, पण राग आला.

बुधवार, १ ऑक्टोबर

लाज वाटते, पण खोटं लिहिणार नाही. आज पाटीचा स्टँड करताना प्लाय दीड इंच आखूड कापला. अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं. टेपवर त्या बारीक रेघा दिसत होत्या, पण मोठ्या दोन आकड्यांच्या मध्ये त्या किती आणि त्यांना काय म्हणतात, ते आठवेना. लाकूड गुळगुळीत करायचं हत्यार समोर होतं. हातात घेतलं. पातं किती काढायचं? खेळण्यासारखं वाटलं ते.

मुकुंद म्हणाला, वय झालं बाबा, बीपी तपासून घे.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल भाग दाखवला. रात्रीच घरून फोन. बाई नुसती उडत होती. पप्पा, एकोणीसचा पाढा म्हणू? म्हटला, न अडखळता. माझे डोळे भरले. मग म्हणाली, आणि पप्पा, एका इंचात आठ सूत असतात, आणि रंध्याचं पातं केसाएवढं बाहेर ठेवायचं, मंग लाकूड रेशीम होतं. मी विचारलं, कोणी सांगितलं गं? म्हणाली, गुरुजींनी. तुम्हीच तर हालवून राह्यले होते ना त्यांना!

शाबास म्हटलं. फोन ठेवला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मी लिहून काढलेल्या पाठात सूत नाही. रंधा नाही. तीनदा पाहिलं.

मुकुंदकडून रेकॉर्डिंग मागितलं. तो टाळत होता. नंतर म्हणाला, बघ. पाढा संपतो, गुरुजी चष्म्यावरून बघतात आणि बोलत सुटतात. आवाज माझा. सूत, रंधा, केस. शब्द जसेच्या तसे ह्या वहीतले, २४ तारखेचे. आणि शेवटी: मंठ्याला बाजारगल्लीत, गिरणीमागं, तिसरं दार निळं, दाराशी अडुळसा.

मी हे बोललो नाही. त्या वेळी मेजाखाली माझं तोंड बंद होतं, श्वासही जपून घेत होतो.

बाईचा पुन्हा फोन होता. वर्गातली सगळी पोरं विचारून राह्यलीत, तुमचं दार निळं हाय का.

निळं आहे का? मला दार आठवत नाही. गिरणी आठवते. तिच्यामागं पुढं काही नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

रोजचे छोटे भाग चालू आहेत. नाही म्हणता येत नाही, करारावर सही आहे, आणि खरं सांगायचं तर हात वर गेला की टाळ्या येतात. अठ्ठावीस वर्षं लाकडाला टाळ्या नव्हत्या.

आज बाईच्या आईशी बोललो. तिनं विचारलं, काहो, मला नावानं हाक मारत होतात, आता अगं नि तगं कशाला. मी हसण्यावारी नेलं. हसत असताना शोधत होतो. तिचं नाव माझ्याकडे नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत गुरुजींना उजेडात आणलं. दाढीचा आरसा आणि बॅटरी घेतली, मोज्याचं तोंड ताणून आत पाहिलं. अस्तराचा राखाडी रंग कापडाचा नाही. अक्षरं आहेत. पेन्सिलीची, उलटी, एकीवर एक, इतकी दाट की कापड दिसत नाही. खालचं वळण गोल, मोठं. कोण जाणे कोणाचं. वरचं बारीक, उजवीकडं कललेलं.

वरचं माझं आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

विमलताईंनी दिवाळी विशेषचा पाठ सांगितला: आपलं घर, आपली माणसं. शेवटी गुरुजी एका मुलीला नावानं हाक मारतात आणि ती धावत येते. मुलीचं नाव तुमच्या मनानं घाला, म्हणाल्या. तुमची मुलगी आहेच की. काय नाव हो तिचं?

मी म्हटलं, सांगतो.

त्या हसल्या. घाई नाही, सावकाश लिहून द्या.

बुधवार, १५ ऑक्टोबर

मुकुंदला जिनिंगमागच्या काट्यापाशी गाठलं, जिथं पूर्वी कापसाच्या गाड्या तोलायचे. विचारलं, तुला माहीत होतं? तो चपलेनं माती उकरत बसला. मग बोलला. जसं बोलला तसं लिहितो.

म्हणाला, माझाबी नाइलाज होता, रामकिसन. तातेराव पुरा रिकामा झाल्ता. ताई माझ्या हाताकडं बघून राह्यल्या होत्या. उजवा तर उजवा, मोजा नवा शिवू म्हणल्या. घरी दोन लेकरं हायेत माझी. मंग मी म्हणलं, मंठ्याला माझा एक दोस्त हाय, डावखुरा, डोक्यात माल भरलेला, बराबर बसंल.

बाजारात बैल दाखवावा तसा दाखवला मला. वही कशाला दिलीस, विचारलं. म्हणाला, पाठात काय असतं, पाढे नि महिने. ते जल्दी संपतं. पोरांना खरं शिकवायचं तर माणसाजवळचं खरं लागतं. तू लिहिणारा माणूस. एक गोष्ट सुटू देणार न्हाई, हे मला ठाऊक होतं.

माझ्या नेमक्या ह्याच गुणावर त्यानं डाव लावला.

मी त्याची गचांडी धरली तर म्हणतो, तू लई साव झाला का? सुतारकी कोणी शिकवली तुला? आठव. अठरा वर्षांचा होतास, मंठ्याला हॉटेलात उभा राहून गुरुजी बघायचास. एका आठवड्यात हातात रंधा आल्ता तुझ्या, गावभर सांगत हिंडलास की आपोआप आला. तातेराव सुतार होता. टेंभुर्णीत त्याच्या हातचे दरवाजे अजून हायेत. तू त्याचं घेतलं तेव्हा तुला काही वाटलं न्हाई.

हात सुटला माझा.

म्हणजे जे माझं म्हणून मिरवलं तेही माझं नव्हतं. आणि जे नव्हतं तेही नेलं.

विमलताई जिनिंगच्या मागच्या दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एवढ्या मुलांचं भलं होतं, रामकिसनराव, आणि हात एकच जातो. त्यांना हा हिशेब सरळ वाटतो, म्हणून मला भीती वाटली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. पेटी बांधली. जे घडलं ते क्रमानं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कोणाला दाखवता येईल:

पेन्सिलीनं जे लिहितो ते तळव्याला लागतं. तळवा मोज्यात गेला की ते गुरुजींचं होतं. मग माझ्याकडे राहत नाही. पाठाचं तसंच, वहीचं तसंच. वही मुकुंदनं दिली. मुकुंदवर विश्वास ठेवायचा नाही. मोज्यात हात घालायचा नाही.

मागची पानं चाळली. बऱ्याच ओळी लागत नाहीत. वळण माझं, पेन्सिल माझी, आणि वाचायला गेलं की नुसत्या रेघा. घर कुठं, दार कसं, बाईच्या आईचं नाव काय, सगळं त्या रेघांत असणार. एकच गोष्ट धडधाकट आहे: बाईचं खरं नाव. ते ह्या वहीत कुठंच नाही. लाडानं बाई म्हणायची सवय होती, म्हणून वाचलं. सकाळपासून मनात म्हणतोय. सुंदर नाव आहे. मीच ठेवलं होतं, बारशाच्या दिवशी, आत्याबाईंशी भांडून.

ते इथं लिहिणार नाही. मेलो तरी नाही. गाडीत बसेन, मंठ्याला उतरेन, आणि भर बाजारात ते नाव मोठ्यानं घेईन. ज्या दारातून पोरगी धावत येईल ते माझं घर.

एकच काम राहिलं. ती सागाची मान. ती मात्र कोणाकडून आलेली असो, ह्या माझ्या हातांनी केली आहे, आणि ती मी त्या भुताच्या धडावर सोडून जाणार नाही. बोल्ट आतून आहे. हात घालावा लागेल. दोन मिनिटांचं काम.

हात साबणानं धुतले. दोनदा. नखंसुद्धा. तळवा गोरा दिसतोय.

वेळ नोंदवतो: दुपारचे पावणेचार. ही ओळ लिहून उठतो.

सकाळ

जागा चांगली आहे. उंच छत, कबुतरं. डावा तळवा करडा झालाय, कशानं कोण जाणे. एक बांधलेली पेटी आहे, कोणाची ते विचारलं पाहिजे. मुकुंद म्हणून एक गृहस्थ आहेत. चहा आणून देतात, बशीत ओतून फुंकर घालून देतात. ओळखदेख नसताना इतकं कोण करतं.

वहीची मागची पानं कोणीतरी भरून ठेवली आहेत. बारीक रेघा, मुंग्या चालाव्या तशा. पण काम नीटनेटकं. ज्यानं केलं त्याला मानलं पाहिजे.

दुसरी सकाळ

हात वर केला. टाळ्या वाजल्या. आत ऊब आहे.

फोनमध्ये एक बाई रडत होती. मग एक लहान मुलगी. पप्पा म्हणते. गुरुजी रोज तुमच्या आवाजात बोलतात मंग तुम्ही का बोलत न्हाई — फोन मुकुंदभाऊंनी घेतला. त्यांनी सांगितलं, बरे आहेत, कामात आहेत —

उजेड आहे

बाहेर पणत्या मांडून राह्यलेत. ताई आल्या. म्हणाल्या एक गोष्ट बाकी आहे. तेवढी झाली की सुटका. मऊ बोलतात.

माझ्याकडे एक नाव आहे. कोणाचं ते — तोंडात धरलंय. दुसरं काहीच नाही. सगळं चाचपलं. हेच एक. ते म्हटलं की छातीत काहीतरी धावत येतं —

दार उघडतं कुठंतरी —

म्हातारा आलाय. मनगट धरून बसलाय. जोर नाही त्याच्यात. न्हाई न्हाई म्हणतो. कशाला न्हाई —

मुकुंदभाऊ म्हणतात तेवढं लिहून ठेवा. न्हाई तर विसरून जाल. बरोबर आहे. ते विसरायचं नाही. काहीही झालं तरी ते एक —

टोक करून दिलं त्यांनी. म्हाताऱ्याची बोटं सोडवली, एकेक करून. माझ्याकडे बघत नाहीत. रडतात का हे —

लिहितो. एकदाच. जपून. य